सोंड खाली कर

"मी आत येत न्हाई," आण्णा म्हणाले. "तू जा. तू इचार काय इचारायचं ते."

लटारी निखाडेच्या अंगणात लिंबाचं झाड होतं आणि घराच्या भिंतीला लागून दगडमातीचा ओटा. आण्णांनी वहाणा काढल्या, जोडीनं लावून ठेवल्या आणि रस्त्याकडे तोंड करून ते ओट्यावर बसले. ओटा दाराच्या अगदी शेजारी होता. आत बोललेलं सगळं त्यांना ऐकू येणार होतं, दिसणार मात्र काहीच नव्हतं. माझ्या सासऱ्यांचं सगळं असंच. ज्या घरचं पाणी चालायचं नाही, त्या घराची सावली मात्र चालायची.

पाणी न घेण्यामागं नुसता राग नव्हता. आम्ही सांगलीकडचे जैन. आण्णा हळद पिकवणारे शेतकरी, पण नेमधर्म असा कडक की मंदिरातल्या पंडितानंही दबकून राहावं. पाणी गाळलेलंच, जेवण दिवस मावळायच्या आत, परक्या घरी घोटभरही काही नाही. आणि हे घर तर लटारीचं. त्याच्या हातानं आण्णांचा मुलगा गेला होता. माझा नवरा.

अख्खा महाराष्ट्र आडवा कापून आम्ही वणीच्या पलीकडच्या त्या गावात आलो होतो ते एकच गोष्ट विचारायला. ती आण्णांनी गाडीत बसल्यापासून मला इतक्या वेळा सांगितली होती की मी झोपेतही बोलले असते. "एवढंच इचार पोरी. माझ्या पोराचा जीव गेला, का त्यानं घालवला?"

सुकुमार सांगलीच्या एका कारखान्यात यंत्रांचे आराखडे काढायचे. त्या वर्षी त्यांच्या डोक्यात दुसरं काही नव्हतंच. इथं लटारीच्या गावाजवळ चुनखडी रेल्वेच्या वॅगनींत भरायची सायडिंग होती. उंचावर बंकर, त्यात फोडलेली खडी, आणि बंकरच्या तोंडातून ती धाडधाड खाली रिकाम्या वॅगनीत पडायची. एवढ्या उंचीवरून पडल्यावर धुरळा तो किती! गावातल्या बायका वाळवण घालायचं विसरल्या होत्या म्हणे. म्हणून सायडिंगच्या मंडळींना लांब-आखूड होणारी चूट, म्हणजे माल सोडायचं नळकांडं, हवी होती. वॅगन रिकामी असली की तिचं तोंड पार तळाशी जायचं, ती भरत येईल तसतसं वर यायचं. आराखड्यावर तिचं नाव काहीही असो, सगळे तिला सोंड म्हणायचे.

मला ती सोंड सुकुमारनी जेवताना समजावली होती. आण्णांचा प्रवासातला पेला आहे ना, कड्यांचा, ओढला की उंच होतो आणि दाबला की चपटा, तो त्यांनी ताटाशेजारी उलटा धरला. "हे बघ. एकात एक नळकांडी. सगळ्यात खालच्याला तार बांधायची, वर विंच. तार सोडली की सोंड खाली, ओढली की वर. आणि वरती बंकरला झडप. झडप उघडली की माल येतो."

"म्हणजे हत्ती आणताय तुम्ही घरात," मी म्हटलं. "तोही नुसत्या सोंडेचा. बाकीचा कधी यायचा?"

ते हसले नाहीत. नळकांड्यांमधली फट किती ठेवायची, इथं त्यांचं घोडं पेंड खात होतं. फट मोठी ठेवली तर धुरळा बाहेर, आणि बारीक ठेवली तर चुन्याची भुकटी तिच्यात बसून नळकांडं अडकायचं. दोनदा चाचणी झाली, दोनदा सोंड अर्ध्यात लटकली. सायडिंगच्या मोठ्या साहेबांनी सांगून टाकलं होतं की आता एक संधी, नाहीतर कापून भंगारात. निघायच्या दिवशी सुकुमार आण्णांच्या पाया पडले आणि म्हणाले, "या खेपेला चालली नाही, तर परत तोंड दाखवायला येत नाही, आण्णा."

"आदी जेव," आण्णा म्हणाले होते.

असलं बोलणं कोण मनावर घेतो? आमच्याकडं दहावीतलं पोरसुद्धा गणिताच्या पेपराआधी असंच बोलतं. पण माणूस गेल्यावर त्याचं प्रत्येक वाक्य उकरून पाहिलं जातं. चाचणीच्या जागी खडीखाली दबून सुकुमार गेले, आणि पुढं कंपनीचा एक माणूस आमच्या घरी आला. त्यानं चहा घेतला, बशीत सांडलेलाही प्यायला आणि जाता जाता म्हणाला, "काय बोलणार आता! ऑपरेटर लटारी सांगतो, साहेबांनी स्वतःच सांगितलं झडप उघडायला. आपण मधे उभं राहून. चौकशी चालू आहे, पण तुम्हाला म्हणून सांगितलं."

आमच्यात आत्मघातासारखं पाप नाही. अपघातानं गेलेला माणूस सुटतो तरी. आत्मघात केलेला जाऊनही सुटत नाही, पुढच्या किती जन्मांत कुठं भोगत फिरेल त्याचा पत्ता नाही. आण्णांची ही नुसती बोलायची श्रद्धा नव्हती. त्या दिवसापासून त्यांनी अंथरुणाला पाठ टेकली नाही. भिंतीला टेकून बसायचे आणि जपाची माळ हातात तशीच धरून ठेवायचे. मण्यावरचं बोट पुढं सरकायचं नाही. शेवटी म्हणाले, "त्या माणसाच्या तोंडातनं ऐकूया."

म्हणून आलो होतो.

लटारी आत खाटेवर बसला होता. मी मनात एक दांडगा, लाल डोळ्यांचा माणूस धरून आले होते. हा तर हाडांचा सापळा. पन्नाशीचा असेल, गळ्यात तुळशीची माळ, दाढीचे खुंट पांढरे. मला बघून तो उठला, हात जोडले आणि जोडलेलेच ठेवले. त्याची बायको बेबीबाई, डोक्यावर पदर घेतलेली उंच बाई, तिनं माझ्यासाठी भुईवर सतरंजी टाकली.

"बसा ना जी," ती म्हणाली. "बाबाजी बाहीर काहून बसले? उन्हं येईन तिकडं."

"त्यांना तिथंच बरं वाटतं," मी म्हटलं.

ती माझ्याजवळ वाकली आणि हळूच म्हणाली, "बाई, जपून बोला जी. आठ दिसांआंधी विहिरीवर गेल्ते हे. मी मांगं मांगं गेली मून, नाई तं..." तिनं नुसता हात हलवला. "गावातले लोक म्हनते, साहेबाले मारलं यानं. हे म्हनते, साहेबानंच सांगतलं. तेवढं एक बोलनं धरून जगून रायले."

मला तिचा राग आला, खरं सांगायचं तर. मी विधवा, मी आलेय लांबून, आणि जपून मीच बोलायचं? मी सरळ लटारीकडं वळले.

"मला सगळं सांगा. काय झालं, कोण काय बोललं, अक्षर न बदलता."

"सांगतो बाई. खोटं नाई बोलत." तो खाटेच्या कडेवर टेकला. "रोज साहेब वरतं माह्याजवळ उभे राहे. माह्याजवळ दोन दांडे. एक विंचचा, एक झडपीचा. साहेब बोटानं दाखवे, हा ओढ, तो सोड. बोलाचं कामच नाई पडे. मानूस लय चांगला. मले एक डाव म्हणे, लटारी, ही सोंड चालली तं पयला नारळ तू फोडाचा."

"पुढं?"

"त्या दिवशी सोंड मधातच अटकली. बंकरमधी माल होता थोडासा. साहेब म्हणे, थांब, मी खालून पाहून येतो. गेले. मले वाटलं फलाटावरून पाहून रायले. मले काई दिसे नाई जी, सोंडच आडवी. नुसता आवाज आला."

"काय आवाज आला?"

त्यानं एकदा दाराकडं पाहिलं. बाहेर आण्णा खाकरले.

"म्हणे, सापडलं रे लटारी! आता सोंड खाली कर."

"मग?" मी विचारलं.

"मी म्हनलं, खाली करू? सगळं खाली करू का साहेब? ते म्हणे, हो, सगळं. पार खाली कर. मी म्हनलं, मंग सरका साहेब. ते म्हणे, मी बाजूलाच आहे, तू कर." लटारीचा आवाज फाटला. "अन् होते वॅगनीच्या डब्यातच, सोंडीच्या खालतं. बाजूला आहो म्हणे अन् डब्यात उभे! मले काहून फसवलं जी त्याईनं? माह्या हातानं काहून?"

"आवाज कसा होता त्यांचा?" माझा स्वतःचा आवाज मला परका वाटला. "रडवेला होता? चिडलेला होता?"

"नाई जी. खुशीत होते. थेच तं समजत नाई मले. सापडलं म्हणे. काय सापडलं? मले वाटते, मराचा रस्ता सापडला असंन त्याईले."

झालं. आण्णांना हवं होतं ते उत्तर मिळालं होतं, आणि मलाही. या माणसानं खोटं बोलावं असं त्याच्या तोंडावर कुठंच नव्हतं. एकदा नव्हे, दोनदा विचारलं त्यानं. सरका म्हणाला. आणि माझा नवरा आनंदानं, त्याला फसवून, खडीखाली उभा राहिला. लग्नाला धड चार वर्षं झाली नव्हती. रागावून गेला असता, रडून गेला असता, तर मी कुठंतरी त्या रागात, त्या रडण्यात असते. खुशीत गेलेल्या माणसाच्या मनात बायको कुठं असते? मला त्या सतरंजीवर बसल्या जागी गाडल्यासारखं झालं, आणि त्याच वेळी वाटत होतं की उठून त्या सोंडेला लाथ घालावी. येताना ती रुळांशेजारी पडलेली पाहिली होती. कापलेली नळकांडी, एकात एक बसवलेली, आत पावसाचं पाणी.

बेबीबाई चहा घेऊन आली. कान तुटलेला कप तिनं स्वतःजवळ ठेवला आणि धड कप मला दिला. मी तो हातात धरून बसले. किती वेळ ते कळलं नाही. चहावर साय धरली.

"थंडा होऊन रायला," बेबीबाई म्हणाली. "खाली करा ना जी कप."

मी कप भुईवर ठेवला.

बेबीबाई क्षणभर बघत राहिली आणि खुदकन हसली. त्या घरात किती दिवसांत कोणी हसलं नसेल. "अवो बाई! मी खाली करा म्हनलं तं तुमी खालतं ठेवला! खाली करा मंजे प्या ना. रिकामा करा."

"रिकामा," मी म्हटलं.

"हो ना जी. खाली मंजे रिकामा. खालतं मंजे... खालतं." तिनं हात भुईकडं नेऊन दाखवला.

घर खाली करा असं आम्हीही म्हणतो, भाडेकरूला. पण भांडं आम्ही रिकामं करतो. आणि पडदा खाली करतो, हात खाली करतो, कंदिलाची वात खाली करतो.

सोंडही खाली करतो.

मी त्या कपाकडं बघत होते आणि सुकुमार माझ्या कानात बोलत होते, खुशीत, त्यांच्या सांगलीच्या बोलीत. सापडलं रे लटारी. कुठं अडकतंय ते सापडलं. आता सोंड खाली कर. तार सोड. सगळी, पार तळापर्यंत, म्हणजे अडकत नाही ना ते बघतो. मी बाजूलाच आहे. येणाऱ्या सोंडेपासून बाजूला. तेवढं पुरतं. नुसती सोंड उतरणार असेल तर वॅगनीच्या कोपऱ्यात अंग चोरून उभं राहिलेलं पुरतं. खडी येणार असेल तर नाही पुरत. आणि लटारीनं ऐकलं होतं, सोंड रिकामी कर, म्हणून त्यानं झडप उघडली.

त्यांना मरायचं नव्हतं. त्यांना फट सापडली होती.

सुटल्यासारखं वाटलं असेल, असं कुणालाही वाटेल. वाटलंही, डोळ्याचं पातं लवेपर्यंत. मग कळलं की मघापर्यंत निदान सुकुमारना हवं ते त्यांना मिळालं होतं. आता तेही नव्हतं. घरी येऊन आण्णांसमोर तो पेला पुन्हा उलटा धरायला निघालेला माणूस. वरून झडप उघडल्याचा आवाज आला असेल तेव्हा त्यांनी काय ओरडून सांगितलं असेल? आणि जे ओरडले ते तरी वर कळलं असतं का?

मी मान वर केली. लटारी माझ्याकडं बघत नव्हता. तो कपाकडं बघत होता.

"बाई," तो म्हणाला.

"काय?"

"तुमच्याकडं..." त्यानं ओठ ओले केले. "तुमच्याकडं सोंड खालतं घ्याची असंन, तं काय म्हनते?"

बेबीबाईचं हसू तोंडावरच थिजलं. ती अडाणी होती, पण मठ्ठ नव्हती. नवऱ्याचा प्रश्न कुठं निघालाय ते तिला त्याच्याआधी कळलं. तिनं पदराचं टोक तोंडात धरलं आणि माझ्याकडं पाहिलं. जपून बोला म्हणाली होती ती. आता काहीच म्हणाली नाही.

लटारीचे हात मांडीवर होते. उजवा हात मुठीत धरल्यासारखा, दांड्यावर असावा तसा. मी नुसतं खरं बोलायचं होतं. तीन शब्द. "खाली कर म्हणतात." आणि हा माणूस उठून विहिरीकडं गेला असता, आज नाहीतर उद्या, आणि या वेळी बेबीबाई मागं असेलच असं नव्हतं. त्यानं काय केलं होतं? त्याला त्याच्या आईनं शिकवलेला शब्द त्यानं ऐकला. सुकुमारना त्यांच्या आईनं शिकवलेला शब्द ते बोलले. दोघंही मराठीच बोलत होते. यात मी कुणाला फासावर चढवू?

"खालतंच म्हणतात," मी म्हणाले. "आमच्याकडंपण खालतंच."

"मंग कप?"

"माझं लक्ष नव्हतं. मला वाटलं, ठेवा म्हणाल्या ताई."

"मंजे खाली कर मंजे..."

"रिकामं कर. तेच. दुसरं काय?"

त्यानं माझ्या तोंडाकडं पाहिलं. इतकं निरखून मला सुकुमारनीही कधी पाहिलं नव्हतं. मी नजर हलवली नाही. खोटं बोलायचं तर माणसानं ते पुरतं बोलावं, अर्धवट खोट्यासारखं वाईट काही नाही.

"मंग साहेबाले मराचंच होतं," लटारी म्हणाला. विचारलं का सांगितलं, ते त्यालाच ठाऊक नसावं. "होतं ना जी बाई? त्याईले मराचंच होतं ना?"

"हो," मी म्हणाले. "त्यांना मरायचंच होतं."

लटारीनं डोळे मिटले आणि दोन्ही तळव्यांनी तोंड झाकून तो रडायला लागला, मोठ्यानं, लहान मुलासारखा. बेबीबाई माझ्या पायांवर वाकली. मी पाय आखडून घेतले. बाहेर वहाणांचा आवाज झाला. आण्णा उठले होते.

मी चहा घेतला. थंड झालेला, सायीसकट, एका दमात. कप रिकामा करून बेबीबाईच्या हातात दिला.

सायडिंगच्या वाटेवरून आम्ही परत निघालो तेव्हा आण्णा माझ्या पुढं चालत होते. नेहमी मी मागं राहिले की थांबायचे. त्या दिवशी थांबले नाहीत. एसटीतही बोलले नाहीत. मला तर कधी एकदा सांगते असं झालं होतं. लटारीला खोटं सांगितलं ते त्याच्यापुरतं. आण्णांना खरं सांगायचं, त्यांचा मुलगा त्यांना परत द्यायचा, मग पुढं जे व्हायचं ते होवो. पण एसटीत लोक होते. मी आगगाडीची वाट बघितली.

गाडीत खिडकीपाशी समोरासमोर बसलो. ऊन कलायला लागलं होतं. आण्णांनी पिशवीतून तांब्या काढला, फडकं काढलं, तो कड्यांचा पेला काढला. मी पाणी गाळून दिलं. ते प्यायले. दिवस मावळायला अजून अवकाश होता, पण गाडीत वेळेचा भरवसा नको म्हणून ते लवकर उरकायचे.

"आण्णा," मी म्हणाले, "सुकुमारनी जीव घालवला नाही. त्यांचा जीव गेला."

ते बघत राहिले.

मी सगळं सांगितलं. कप, बेबीबाईचं हसणं, खाली आणि खालतं. सुकुमार वॅगनीत कुठं उभे असतील, बाजूलाच आहे असं का म्हणाले, खुशीत का होते. पेला हातात घेऊन दाखवलंसुद्धा, सुकुमार दाखवायचे तसा उलटा धरून. मी कधी एवढी सलग बोलले नव्हते त्यांच्यापुढं. शेजारच्या बाकावरची बाई कान देऊन ऐकत होती. ऐकू दे म्हटलं. साऱ्या डब्यानं ऐकू दे.

माझं सांगून संपलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मला वाटलं, पोचलं.

"एका शब्दापायी?" ते म्हणाले.

"हो आण्णा."

"आपल्याच भाषेतल्या?"

"हो."

त्यांनी पेला माझ्या हातातून घेतला. एकेक कडं दाबून तो चपटा केला, झाकण लावलं, पिशवीत ठेवला.

"पोरी, मी भायेर बसलो हुतो. तू त्येला म्हणालीस, खालतंच म्हणत्यात. तू म्हणालीस, त्यांना मरायचंच हुतं. माझ्या कानांनी ऐकलंय मी."

"ते त्याच्यासाठी म्हणाले मी. तो विहिरीवर गेला होता आण्णा. त्याची बायको..."

"हां," आण्णा म्हणाले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. लग्नापासून कधी ठेवला नव्हता. "ते त्येच्यासाठी म्हणालीस. आणि हे माझ्यासाठी म्हणतीयास."

"नाही आण्णा! देवाशपथ..."

"शपथ घिऊ नगंस. गुणाची हाईस तू. कुणाचं दुक बघवत न्हाई तुला." त्यांनी हात काढून घेतला आणि खिडकीबाहेर तोंड केलं. "आता पुरं."

त्यानंतर मी कितीदा सांगितलं. वर्षश्राद्ध आमच्यात नसतं, पण ती तिथी आली की सांगायची. रागानं सांगून पाहिलं, रडून सांगून पाहिलं. एकदा विदर्भातलं एक कुटुंब आमच्या आळीत राहायला आलं, तर त्यांच्या सुनेला ओढत आण्णांसमोर नेलं आणि म्हटलं, सांग, डबा खाली कर म्हणजे काय करायचं? ती घाबरून म्हणाली, रिकामा करून धुऊन आणू का? आण्णा तिला म्हणाले, जा बाळ, हिचं काय मनावर घेऊ नगंस. मी जितकी पुराव्यानिशी बोलायचे तितकी त्यांना माझी दया यायची. चौकशीचा निकालही तसाच लागला. लटारीनं तिथं सांगितलं की साहेबांच्या बाईंनी स्वतः कबूल केलंय, आणि लटारी सुटला. पुढं तो सायडिंगवर परत गेला, असं कळलं. त्याचा मला कधी राग आला नाही. मी मीठ चोळायला गेले नव्हते आणि त्यानंही चोळलं नाही.

आण्णांनी गावी आल्यावर उपास धरले. अष्टमी आणि चतुर्दशी, दोन्ही, पाण्याचा थेंब न घेता. कुणी विचारलं तर सांगायचे, पोराच्या हातनं झालंय, त्येच्यापायी. एकाचं कर्म दुसऱ्याला फेडता येत नाही, हे त्यांच्याइतकं चांगलं गावात कुणाला माहीत नव्हतं. मुनिमहाराजांनीही त्यांना समजावलं होतं. तरी ते शेवटपर्यंत करत राहिले. अंगात बळ राहिलं नाही तेव्हा भिंतीला धरून मंदिरात जायचे आणि न झालेल्या पापासाठी क्षमा मागून यायचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी पारण्याचं पाणी मी गाळून द्यायचे. ते पेला तोंडाला लावायचे, संपवायचे आणि तो माझ्या हातात देऊन म्हणायचे, "घे, खाली ठेव."

मी खाली ठेवायचे.